आतड्यातल्या जंतूंचा प्रश्न एकट्या आईचा नाही

तान्ह्या बाळाच्या पोटातले जंतू हा आता बाजारातला माल झाला आहे. कुठे त्यांचे थेंब मिळतात, कुठे पुड्या. कुठे पावडरच्या दुधाच्या डब्यावरच ‘चांगल्या जीवाणूंनी युक्त’ अशी ओळ छापलेली असते. बाळाची शी पाकिटात घालून पाठवली, की तिच्यात कोणकोणते जीवाणू आहेत याचा रंगीत अहवाल घरपोच देणाऱ्या कंपन्याही आहेत. या सगळ्यामागचं विज्ञान खोटं नाही. लहान मुलांचा दमा, इसब, अन्नाची अ‍ॅलर्जी यांचा आतड्यातल्या सूक्ष्मजीवांशी काही ना काही संबंध आहे, एवढं गेल्या दोन-तीन दशकांच्या संशोधनातून नक्कीच पुढे आलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हे संशोधन ज्या गोष्टींकडे बोट दाखवतं त्यातल्या बहुतेक सार्वजनिक निर्णयांच्या कक्षेतल्या आहेत. डॉक्टर अँटिबायोटिक कधी लिहून देतात, रुग्णालयं सिझेरियन कधी करतात, बाळंतिणीला पगारी रजा किती मिळते, पाळणाघराच्या अंगणात माती असते की फरशी. विकलं मात्र जातं ते घरातल्या एका बाईला, तिच्या काळजीलाच गिऱ्हाईक करून.

या विचाराला तोंड फुटलं १९८९ मध्ये. डेव्हिड स्ट्रॅचन या साथरोगतज्ज्ञाने मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला होता. ज्यांना भावंडं जास्त, त्यातही मोठी भावंडं जास्त, त्यांच्यात परागकणांमुळे होणाऱ्या सर्दीचं प्रमाण कमी होतं. मोठी भावंडं घरात संसर्ग आणतात आणि त्यामुळे धाकट्याच्या शरीराला काही शिकायला मिळतं, असा तर्क स्ट्रॅचन यांनी मांडला. कुटुंबं लहान झाली, घरं स्वच्छ झाली आणि अ‍ॅलर्जी वाढल्या.

या तर्काने संशोधनाला दिशा दिली आणि लोकांची दिशाभूलही केली. ‘मुलांना घाणीत खेळू द्या, साबण कशाला’ हे शहाणपण त्यातूनच निघालं. ते चुकीचं आहे आणि धोक्याचंही, कारण जुलाब आजही जगभरात पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे आणि हात धुण्याने ते टळतात. ग्रॅहम रूक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने २००३ मध्ये या तर्काला नीट वळण दिलं. त्यांचं म्हणणं असं, की गोवर किंवा हगवण यांच्यापासून शरीर काही चांगलं शिकत नाही. शिकतं ते मानवाबरोबर हजारो पिढ्या राहिलेल्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांकडून: मातीतले, जनावरांच्या अंगावरचे, आईच्या आतड्यातले. या जुन्या सोबत्यांशी असलेला संपर्क तुटला, ही खरी अडचण. साबण वापरायचा की नाही हा वाद त्यामुळे मुळातच गैरलागू ठरतो. नळाचं पाणी शुद्ध ठेवूनही मुलांचा मातीशी संबंध राखता येतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांच्या अभ्यासातून आला. अमिश आणि हटराइट हे दोन्ही समाज मूळचे मध्य युरोपातले, आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांच्या जवळचे. दोघांकडे कुटुंबं मोठी, आहार बराचसा सारखा, टीव्ही नाही. फरक शेतीच्या पद्धतीत. अमिश घराला लागून गोठा ठेवतात, घोड्यांनी नांगरतात, आणि त्यांची मुलं लहानपणापासून गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि पूर्ण यांत्रिक, जनावरं वस्तीपासून लांब. अमिश शाळकरी मुलांमध्ये दम्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांमध्ये २१ टक्क्यांच्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. अमिश घरांतल्या धुळीत जीवाणूंच्या आवरणातून येणारं एंडोटॉक्सिन जवळपास सातपट निघालं. ही धूळ उंदरांच्या नाकात घातली तेव्हा अमिश धुळीने त्यांना दम्यासारख्या सुजेपासून वाचवलं, हटराइट धुळीने नाही. आणि जीवाणूंची चाहूल घेणारे जनुकीय मार्ग ज्या उंदरांत बंद केले होते, त्यांच्यात अमिश धुळीचाही उपयोग झाला नाही.

यातून गोठ्याशेजारी राहायला जा, असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. कच्चं दूध प्यावं, असंही ते सांगतात. कच्च्या दुधातून मुलांना गंभीर संसर्ग होतात, तेव्हा तो सल्ला इथेच सोडून देऊ. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते निराळंच. अमिश आयांनी काहीही विकत घेतलं नव्हतं. त्यांनी कुठलाही ‘योग्य निर्णय’ जाणीवपूर्वक घेतलेला नव्हता. मुलांना जे मिळालं ते त्यांच्या परिसराच्या रचनेतून मिळालं.

आता आतड्याकडे वळू. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीलगत असतो. साहजिकच आहे. बाहेरचं जग शरीराला सगळ्यात जास्त भिडतं ते तिथेच. नवजात बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला अजून शत्रू-मित्र कळत नाहीत आणि तिचा कल अ‍ॅलर्जीच्या बाजूला जरा झुकलेला असतो. परागकण, दुधातलं प्रथिन, शेंगदाणा यांपासून धोका नाही, हे तिला शिकावं लागतं. हे आवर घालण्याचं काम नियामक टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) करतात आणि त्या पेशी तयार होण्यासाठी जीवाणूंची मदत लागते. क्लॉस्ट्रिडिया या मोठ्या गटातले काही जीवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि हे आम्ल नियामक पेशींच्या वाढीला हातभार लावतं. जपानी संशोधक केन्या होंडा यांच्या गटाने २०१३ मध्ये माणसाच्या आतड्यातून अशा जीवाणूंचे १७ प्रकार वेगळे काढले आणि ते उंदरांना दिले, तेव्हा उंदरांच्या आतड्यात नियामक पेशी वाढल्या. जन्मापासून जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात उलट अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडं फाजील प्रमाणात सापडतात.

कॅथरिन नेग्लर यांच्या शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने हेच अन्नाच्या अ‍ॅलर्जीपुरतं दाखवलं. २०१४ च्या प्रयोगात ज्या उंदरांना लहानपणीच अँटिबायोटिकं दिली गेली त्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सहज जडली. क्लॉस्ट्रिडिया परत आतड्यात सोडले तेव्हा संरक्षण परत आलं, कारण या जीवाणूंमुळे आतड्याचं अस्तर घट्ट राहतं आणि अन्नातली प्रथिनं अर्धवट पचलेल्या रूपात रक्तात कमी झिरपतात. २०१९ मध्ये याच गटाने जंतुमुक्त उंदरांच्या आतड्यात मानवी बाळांच्या शीतले जीवाणू वसवले. काही उंदरांना निरोगी बाळांचे, काहींना गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांचे. मग सगळ्यांना दुधातल्या प्रथिनाला सामोरं जायला लावलं. ज्यांच्यात निरोगी बाळांचे जीवाणू होते ते वाचले, दुसऱ्या गटातल्यांना तीव्र प्रतिक्रिया आली. संबंध नुसता योगायोगाचा नसून कारणाचा असू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत. पण ते उंदरांवरचे आहेत, हे विसरून चालणार नाही. डब्यावरची जाहिरात ते नेमकं विसरते.

माणसाच्या बाळांबद्दल काय माहीत आहे? कॅनडात हजारो मुलांचा जन्माआधीपासून मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या ३१९ बाळांच्या शीची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे दम्याचा धोका ज्यांना जास्त होता, त्यांच्या आतड्यात तीन महिन्यांच्या वयात चार प्रकारचे जीवाणू कमी होते: फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पायरा, वेलोनेला आणि रोथिया. बाळं वर्षाची होईतो हा फरक बहुतांशी मिटला होता. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत कधीतरी एक खिडकी उघडी असते, आणि तिच्यातून जे आत आलं नाही ते नंतर येऊनही उशीर झालेला असू शकतो.

इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल, मग ते चार जीवाणू द्या की बाटलीत भरून. इथेच घोडं पेंड खातं. त्याच संशोधकांच्या गटाने इक्वेडोरच्या ग्रामीण भागातल्या बाळांकडे पाहिलं, तेव्हा तिथलं चित्र निराळं निघालं. जीवाणूंची यादी वेगळी, आणि जीवाणूंपेक्षाही ठळक फरक आतड्यातल्या बुरशींमध्ये. कॅनडातल्या बाळाला जे ‘चांगलं’ ते दुसरीकडच्या बाळाला तसंच लागू पडेल असं नाही. ‘निरोगी आतडं’ म्हणजे नेमकी कोणती यादी, हे आज कुणालाच ठरवता आलेलं नाही. त्यात भर अशी, की जगभरात सार्वजनिक संग्रहांत जमा झालेल्या मानवी सूक्ष्मजीवांच्या नमुन्यांपैकी ज्यांचं मूळ ठाऊक आहे, त्यातले ७० टक्क्यांहून अधिक युरोप, अमेरिका आणि कॅनडा इथून आले आहेत, असं २०२२ मधल्या एका पाहणीत दिसून आलं. जगातल्या बहुसंख्य बाळांच्या आतड्यांची मोजदाद झालेलीच नाही, आणि तरी सगळ्यांना एकच पुडी विकली जाते.

पुडीचा प्रत्यक्ष अनुभव काय? २००१ मध्ये फिनलंडमधल्या एका चाचणीने खळबळ उडवली होती. ज्या घरांत अ‍ॅलर्जी आहे तिथल्या गर्भवतींना आणि मग त्यांच्या बाळांना लॅक्टोबॅसिलसचा एक विशिष्ट प्रकार दिला गेला. दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण २३ टक्के, आणि ज्यांना तो दिला नव्हता त्यांच्यात ४६ टक्के. निम्मं! मग जर्मनीत त्याच जीवाणूची तशीच चाचणी झाली. २००८ मध्ये तिचे आकडे आले: दोन्ही गटांत २८ टक्क्यांच्या आसपास, फरक शून्य. त्यानंतर डझनावारी चाचण्या झाल्या, काहींत थोडा उपयोग, काहींत काहीच नाही. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये जास्त धोका असलेल्या कुटुंबांपुरती, तीही इसब टाळण्यापुरती, सशर्त शिफारस केली आणि पुरावा अत्यंत कमी दर्जाचा आहे हेही त्याच कागदावर लिहिलं. पुढचा दाखला ऑस्ट्रेलियातला. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना शेंगदाण्याची मात्रा हळूहळू वाढवत देण्याचा उपचार असतो. त्याच्या जोडीला जीवाणू दिले तर फायदा वाढतो का, हे २०१ मुलांवर तपासलं गेलं. २०२२ मध्ये निकाल आला. जीवाणूंसकट उपचाराने ४६ टक्के मुलांना फायदा टिकून राहिला, जीवाणूंशिवाय ५१ टक्के. काम शेंगदाण्याने केलं होतं.

‘निदान नुकसान तर नाही ना’ हा युक्तिवाद नेहमी येतो. सुदृढ बाळांबाबत तो बराचसा खरा आहे. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशी उत्पादनं देण्याविरुद्ध इशारा दिला. रुग्णालयात अशा उत्पादनातल्याच जीवाणूचा संसर्ग रक्तात होऊन एक बाळ दगावलं होतं. दुसरं उदाहरण प्रौढांचं आहे, पण विचार करायला लावणारं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात अँटिबायोटिकच्या उपचारानंतर प्रोबायोटिक, म्हणजे अशीच जिवंत जीवाणूंची पुडी, घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती परत यायला, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अख्खी शाळा बंद पाडायची आणि भरपाई म्हणून एक शिकवणी लावायची, तसा हा सगळा प्रकार आहे.

शाळा बंद कशाने पडते, हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं पहिलं उत्तर अँटिबायोटिकं असं आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची आकडेवारी मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे २००० साली वर्षाच्या आतल्या दर हजार बाळांमागे अँटिबायोटिकच्या सुमारे १,२५४ चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. म्हणजे बाळामागे एकाहून जास्त. २०१४ पर्यंत हा आकडा ४८९ वर आला. लोकांमध्ये आणि डॉक्टरांमध्ये चाललेली जागृतीची मोहीम, न्यूमोनियाविरुद्धची लस, बदललेल्या शिफारशी, सगळ्याचा त्यात वाटा असणार. याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये दम्याचं नवं निदान दर हजारी २७.३ वरून २०.२ वर आलं. २६ टक्के घट. दुसऱ्या कुठल्या उपायाने एखाद्या प्रांतातल्या मुलांचा दमा एवढा खाली आला आहे? निदान माझ्या वाचनात तरी आलेलं नाही.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्या बाळांना पुढे दमा होणार असतो त्यांची छाती आधीपासूनच वाजत असते. त्यांना वारंवार खोकला होतो, म्हणून त्यांना अँटिबायोटिक मिळतं. तेव्हा औषधाने दमा झाला की दम्याच्या चाहुलीने औषध आलं? स्वीडनमध्ये सुमारे पाच लाख मुलांच्या नोंदी तपासताना सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केली, तेव्हा हा संबंध बराच फिका पडला. ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांना ही अडचण माहीत होती. त्यांनी कॅनडाच्या त्या मोठ्या अभ्यासातल्या २,६४४ मुलांच्या नोंदी वेगळ्या तपासल्या. पहिल्या वर्षात अँटिबायोटिक मिळालेल्यांमध्ये पाचव्या वर्षी दम्याची शक्यता दुपटीच्या वर होती, आणि श्वसनाच्या तक्रारींसाठी औषध मिळालेली मुलं वगळूनही संबंध टिकून राहिला. शिवाय औषध आणि दमा यांच्यामधला एक दुवा आतड्यातल्या जीवाणूंतला बदल हा आहे, असं त्यांच्या विश्लेषणात दिसलं. वाद यामुळे संपत नाही. पण तराजू कुठे झुकतो ते दिसतं.

आणि खरं सांगायचं तर हा वाद पूर्ण मिटण्याची वाट पाहायची गरजच नाही. साध्या सर्दीला, विषाणूंमुळे भरलेल्या छातीला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, हे कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहे. औषधांना न जुमानणारे जंतू वाढू नयेत म्हणून अनावश्यक चिठ्ठ्या थांबवायच्याच आहेत. आतड्यातल्या जीवाणूंचा मुद्दा त्यात भर घालतो, इतकंच. पुडीचं तसं नाही. दमा किंवा इसब टळेल या आशेखेरीज ती घेण्याला सुदृढ बाळाच्या बाबतीत दुसरं कारणच नाही. म्हणून पुराव्याची अट दोन्हीकडे सारखी असू नये. जे पाऊल दुसऱ्या चार कारणांनी योग्य आहे त्याला अर्धा पुरावा चालेल, पण जे केवळ या एका दाव्यावर विकलं जातं त्याच्याकडून पूर्ण पुरावाच मागितला पाहिजे. सध्या नेमकं उलटं चाललं आहे. धोरण बदलायला सांगितलं की ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ असं उत्तर येतं, आणि डबी मात्र दुकानात आलेली असते. युरोपीय संघात प्रोबायोटिकांच्या आरोग्यविषयक दाव्यांना तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जवळपास सरसकट नकार दिला आहे. हे कठोर वाटेल, पण मला ते पटतं.

सिझेरियनचा विषय अधिक नाजूक आहे, कारण इथे बाईच्या शरीराबद्दल बोलायचं आहे आणि तिला टोचणारे आधीच पुष्कळ. ब्रिटनमधल्या ५९६ बाळांच्या २०१९ च्या अभ्यासात सिझेरियनने जन्मलेल्यांच्या आतड्यात आईकडून येणारे बॅक्टेरॉइड्स जातीचे जीवाणू फार कमी आढळले, आणि रुग्णालयात वावरणाऱ्या उपद्रवी जंतूंचं प्रमाण जास्त. काही महिन्यांत बरेचसे फरक मिटतात, बॅक्टेरॉइड्सची उणीव तेवढी जास्त काळ राहते. डेन्मार्कच्या २०२० च्या अभ्यासातला मुद्दा मात्र आवर्जून सांगितला पाहिजे, कारण तो क्वचितच सांगितला जातो. सिझेरियनने जन्मलेल्या ज्या मुलांची आतड्यातली वस्ती वर्षभरात सुधारली होती, त्यांच्यात दम्याचा धोका वाढलेला दिसला नाही. वाढला तो ज्यांच्यात वर्षानंतरही जन्मवेळचीच खूण टिकून होती त्यांच्यात. जन्माची तऱ्हा म्हणजे नशीब नव्हे.

तरीही बाळाच्या तोंडाला आईच्या योनीतला स्राव पुसण्याचा प्रकार मधल्या काळात बराच गाजला. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये संशोधनाबाहेर असं करू नये असं स्पष्ट बजावलं, कारण त्यातून बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. ब्रिटिश अभ्यासानुसार तर बाळाला मिळणारे कामाचे जीवाणू येतात ते आईच्या आतड्यातून. म्हणजे उपाय धोक्याचाच नव्हता, नेमही चुकीचा होता.

जीव वाचवणारं सिझेरियन करून घेतलेल्या बाईला ‘तुझ्यामुळे बाळाला अ‍ॅलर्जी’ असं सुचवणं क्रूर तर आहेच, शिवाय ते चुकीच्या जागी बोट ठेवणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निवेदनानुसार जगातल्या पाचापैकी एकाहून जास्त बाळंतपणं, म्हणजे २१ टक्के, सिझेरियनने होतात आणि २०३० पर्यंत हा आकडा २९ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. त्याच संघटनेचं २०१५ चं म्हणणं असं, की लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांपुढे गेल्याने माता आणि नवजातांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. या दोन आकड्यांच्या मधली वाढ एकेका बाईच्या हट्टामुळे झालेली नाही. ती रुग्णालयांचं वेळापत्रक, शुल्काची रचना, सुईणींची कमतरता, खटल्यांची भीती यांतून झाली आहे. आणि कित्येक ठिकाणी गरज असूनही सिझेरियन मिळत नाही, हेही त्याच जगात घडतं. संघटनेने सुचवलेलं रॉबसन वर्गीकरण वापरलं, तर कुठल्या रुग्णालयात कुठल्या प्रकारच्या बाळंतपणात सिझेरियन किती होतात हे तुलना करता येईल असं मांडता येतं. हे आकडे लोकांपुढे येणं ही एका बाईला उपदेश करण्यापेक्षा कितीतरी कामाची गोष्ट आहे.

अंगावरच्या दुधाचंही असंच. आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातला सर्वांत मोठा घन भाग त्यांचाच, आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम गटातल्या जीवाणूंसाठी. आई बाळाबरोबर बाळाच्या जंतूंनाही पाजत असते. अंगावर पाजल्याने अ‍ॅलर्जी हमखास टळते असा पुरावा मात्र नाही. निष्कर्ष संमिश्र आहेत आणि ते तसेच सांगावेत. पण पाजायची इच्छा असलेल्या बाईला सहा आठवड्यांत कामावर बोलवायचं आणि मग तिला जीवाणू घातलेली पावडर विकायची, हा व्यवहार कुणाच्या सोयीचा आहे? आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीवर मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ पासून अस्तित्वात आहे. तिच्या कात्रीतून सुटण्यासाठी ‘जीवाणूंनी युक्त’ हा नवा मार्ग सापडला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सल्ला देणाऱ्यांनी सावध राहावं याला इतिहासातलं कारणही आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये जास्त धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असं सांगितलं. आयांनी निष्ठेने ते पाळलं. २००८ मध्ये पुरेसा आधार नाही म्हणून तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने लंडनमध्ये ६४० बाळांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला: लवकर, नियमितपणे शेंगदाणा खाल्लेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांना पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी होती, टाळलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. सल्ला नुसता निरुपयोगी नव्हता, उलटा होता. या चाचणीतून आणखी एक गोष्ट कळते. इसबाने फुटलेल्या त्वचेतून शिरलेलं अन्न शरीराला शत्रू वाटतं, तोंडावाटे आलेलं ओळखीचं होतं, असा तिच्यामागचा विचार होता. म्हणजे सगळं काही आतड्यातल्या जंतूंवर येऊन थांबत नाही. त्वचा आहे, आनुवंशिकता आहे, हवेतलं प्रदूषण आहे.

हा प्रश्न सार्वजनिक म्हणून हाताळला तर काय होतं, हे फिनलंडने दाखवलं. २००८ ते २०१८ अशी दहा वर्षं तिथे राष्ट्रीय अ‍ॅलर्जी कार्यक्रम चालला. भर होता टाळण्यावर नव्हे, सोसण्याची क्षमता वाढवण्यावर. मुलांना निसर्गात पाठवा, विनाकारण पथ्यं लादू नका, गंभीर अ‍ॅलर्जी तेवढी नीट ओळखा आणि तिच्यावर उपचार करा. दहा वर्षांत अ‍ॅलर्जी आणि दम्यावरचा एकूण खर्च सुमारे ३० टक्क्यांनी घटला. त्याच देशात २०२० मध्ये एक छोटा, देखणा प्रयोग झाला. पाळणाघरांच्या खडीच्या अंगणांत जंगलातल्या जमिनीचा थर आणि हिरवळ आणून अंथरली. तीन ते पाच वर्षांची मुलं रोज तिथे खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या जीवाणूंमध्ये बदल दिसला, आणि रक्तात दाह आवरणाऱ्या घटकांचं पारडं जड झालं. मुलं ७५, काळ थोडा, अ‍ॅलर्जी खरोखर कमी झाली का हे तिथे मोजलेलंच नव्हतं. पण ही माती कुठल्या आईने विकत आणली नव्हती.

म्हणून अपेक्षा ठेवायच्या तर त्या सरकारांकडून, रुग्णालयांकडून आणि नियामकांकडून ठेवाव्यात. वर्षाच्या आतल्या बाळांना किती अँटिबायोटिकं दिली जातात याचे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत, जसे ब्रिटिश कोलंबियात उपलब्ध होते म्हणून तो अभ्यास होऊ शकला. तान्ह्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या जीवाणूंच्या उत्पादनांनी अ‍ॅलर्जीचा उल्लेख करायचा असेल, तर औषधाला लागतो तेवढा पुरावा आधी नियामकापुढे ठेवावा, आणि तो उत्पादकाच्या पैशाने झालेल्या एकाच चाचणीचा नसावा. नव्या पाळणाघरांना परवानगी देताना मोकळ्या मातीची अट घालता येते. पगारी रजेबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. आणि ज्या प्रदेशांतल्या बाळांच्या नोंदी आज जागतिक संग्रहात नाहीत, तिथे जन्मापासून मुलांचा मागोवा घेणारे दीर्घ अभ्यास सार्वजनिक पैशाने सुरू व्हायला हवेत. कॅनडाच्या अभ्यासाला अशा निष्कर्षांपर्यंत यायला बरीच वर्षं लागली, तेव्हा हे काम जिथे सुरूच झालेलं नाही तिथे ते येत्या अर्थसंकल्पात असलेलं बरं.